सरदाराला मत्सर कुठून मिळाला

तुमच्या तेराव्याची पंगत उठली, पाहुणे आपापल्या गाड्यांना निघून गेले, आणि आपल्या नाटकातली जुनी मंडळी तेवढी मागं राहिली. आता उरलीत किती म्हणा. विनायकराव तर कधीच गेले. अरविंदभाऊंना उठताना काठी लागते, पण आवाज अजून तसाच, खालच्या पट्टीतला. मी चहा केला आणि बोलणं शेवटी जिथं जायचं तिथंच गेलं, तुम्ही केलेल्या त्या सरदारावर. अरविंदभाऊ म्हणाले, "वहिनी, तालमीत रोज मीच त्याच्या कानाशी लागायचो. पण शेवटच्या आठवड्यात त्याच्या डोळ्यांत जे दिसलं, ते मी घातलेलं नव्हतं. इतक्या शांत माणसाला तो मत्सर मिळाला कुठून?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी कपबशा गोळा केल्या आणि आत गेले.

त्यांना काय सांगायचं? तुम्हालाच सांगते. यातलं बरंचसं तुम्हाला ठाऊक आहे. जे ठाऊक नाही ते सांगायला मी एवढी वर्षं उद्याउद्या करत राहिले, आणि तुम्ही न सांगता निघून गेलात. त्याचा राग मी अजून पुरता गिळलेला नाही. पण कालपासून मन बरं आहे, म्हणून लिहायला बसले.

ते दिवसच असे होते की आपलं शहर रोज थोडं वेगळं दिसायचं. गच्च्यांवरून केबलच्या तारा गेल्या होत्या, गल्लीच्या तोंडाशी एसटीडीची टपरी आली होती, आबिड्सच्या दुकानांत परदेशी नावांच्या वस्तू काचेमागं मांडलेल्या असायच्या. तुमच्या खात्यातला पंखा मात्र तोच, तुमच्या वडिलांच्या वेळचा. तुमच्या घराण्यात पुरुषांनी सरकारी नोकरी करायची हे निजामाच्या काळापासून चालत आलेलं. बायकांनी काय करायचं हे कुणी बोलत नसे, कारण ते ठरलेलंच होतं. आपली वैदेही शाळेत जाते तेवढ्या वेळात काहीतरी शिकावं म्हणून मी नारायणगुड्यात कॉम्प्युटरच्या वर्गाला नाव घातलं, आणि बघता बघता आबिड्समधल्या एका नव्या कंपनीत मला नोकरी लागली. औषधांचा कच्चा माल परदेशी पाठवायची कंपनी. मी घाबरत घाबरत तुम्हाला विचारलं, तर तुम्ही वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणालात, "हौ, जा की." तुमचं ते 'हौ' माझ्या माहेरी नांदेडला सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होतं. मला मात्र त्या दिवशी ते फार गोड लागलं.

त्याच वर्षी आपल्या मंडळानं ते जुनं शोकनाट्य करायचं ठरवलं. परक्या भाषेतून फार पूर्वी मराठीत आलेलं आणि इथलंच होऊन गेलेलं. एक पराक्रमी सरदार, त्याची जीव लावणारी तरुण बायको, आणि सरदाराच्या कानात संशय ओतणारा त्याचा हाताखालचा माणूस. सरदार त्याचं ऐकतो, बायकोला स्वतःच्या हातांनी मारतो, आणि मग त्याला कळतं की ती निर्दोष होती. विनायकराव वकिली सोडून नाटकं बसवायला लागले होते. त्यांनी तुमची उंची आणि आवाज पाहून सरदार तुम्हाला दिला. कान भरणारा अरविंदभाऊ, ज्यांनी उभ्या जन्मात कुणाची चहाडी केली नाही. आणि बायको झाली मीनल. ती नुकतीच नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून आली होती, इथं कुणाला ओळखत नव्हती, आणि तुमच्या 'हौ'ला पहिल्यांदा तोंडावर हसली ती तीच.

तालमी नारायणगुड्याच्या शाळेत, बाकं भिंतीला सरकवून व्हायच्या. ऑफिस सुटलं की मी तिथं येऊन मागं बसायची आणि वैदेही माझ्या शेजारी अभ्यास करायची. तुम्ही पाठांतरात पक्के होता, पण गाडी मत्सराशी आली की अडायची. अरविंदभाऊ विष ओतायचे आणि तुम्ही ते डॉक्टरनं दिलेलं औषध असल्यासारखं घ्यायचा. शेवटचा प्रवेश तर बघवत नसे. एकदा विनायकराव तालीम थांबवून म्हणाले, "श्रीधर, तू तिचा गळा दाबतोयस की तिला पांघरूण घालतोयस?" मीनल पडल्या जागी हसायला लागली. तुम्हीही हसलात.

त्या रात्रीच्या जेवणात आपलं भांडण सुरू झालं, ते पुढं कधी मिटलंच नाही. तुम्ही म्हणालात, "मला हा माणूस कळतच नाही. त्यानं बायकोला एकदा विचारायचं. ती उत्तर देईल. मग जेवायला बसायचं." मी म्हटलं की ज्याला विचारता येतं त्याला तो आजार झालेलाच नसतो, विचारता न येणं हाच तर आजार. तुम्ही म्हणालात, असं असेल तर त्याचं तिच्यावर प्रेमच नाही. मी म्हटलं, आहे म्हणून तर जळतो. तुम्ही भाताचा घास हातात धरून माझ्याकडं पाहिलंत आणि विचारलंत, "म्हणजे प्रेमात थोडं जळणं पाहिजे?" मी म्हटलं, "थोडं तरी असावं." वाद तिथं अडकला तो अडकलाच. पुढं कितीदा तरी, वरणाला फोडणी देताना, बँकेच्या रांगेत, वैदेहीच्या लग्नाच्या खरेदीतसुद्धा, तुम्ही मध्येच म्हणायचा, "नाही सुधा, नसलंच पाहिजे." आणि मला लगेच कळायचं कशाबद्दल बोलताय ते.

अशातच एक दिवस शालिनी वन्सं आल्या. तुमच्या मोठ्या बहिणीनं चिंचेच्या कोवळ्या पाल्याची डाळ डब्यात घालून आणली होती, आणि मी ऑफिसात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि सरळ सांगितलंत, "ताई म्हणत होती की तू त्या मूर्तीसाहेबांबरोबर फार हिंडतेस. लोक बोलतात. मी ऐकून घेतलं. तुला सांगितलं पाहिजे म्हणून सांगतोय."

मूर्ती आमचे मॅनेजर. मुलांची शाळा आणि बायकोचा सांधेदुखीचा काढा याखेरीज त्यांच्या डोक्यात काही नसे. पण कामापायी त्यांच्याबरोबर इकडंतिकडं जावं लागायचं हे खरं होतं. मी विचारलं, "आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही," तुम्ही म्हणालात आणि चहा संपवलात.

कुठल्याही बाईनं नवऱ्याच्या या उत्तरावर देवापुढं दिवा लावावा. शेजारच्या बायकांचे नवरे काय काय बोलत हे मी ऐकत होते. त्यांच्यापुढं तुम्ही सोनं होता. कानातली गोष्ट कानात कुजू न देता तुम्ही ती उजेडात आणून माझ्यासमोर ठेवली होती. सरदाराला जे जमलं नाही ते तुम्ही चहाबरोबर करून टाकलंत. आणि तरी त्या दिवशी मी ऑफिसात रुसलेलीच होते. काही वाटत नाही म्हणजे काय? मी दिवसभर परक्या माणसाबरोबर असते, आणि तुम्हाला काही म्हणजे काहीच वाटत नाही? हे कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती. वन्संना तर नाहीच. त्यांच्यावर मात्र मी चिडले नाही. त्यांना आपल्या धाकट्या भावाचा संसार मोडेल अशी खरीच भीती होती. तुम्हाला नेताना सगळ्यांत जास्त त्याच कोसळल्या.

मग तो मुंबईचा प्रवास. बंदरावर आमचा माल कागदांपायी अडकला होता. मूर्ती, हिशेबाची सरोजा आणि मी असे तिघं जाणार होतो. ऐन वेळी सरोजाला ताप आला. मी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "काम आहे ना? मग जा." मला स्टेशनवर घ्यायला येता यायचं नाही, त्या सकाळी खात्यात तपासणी आहे, असंही सांगून ठेवलंत.

परतीची गाडी नामपल्ली स्टेशनात सकाळी लागली. उतरता उतरता मूर्ती मला बंदरावरच्या कारकुनाची गोष्ट पुन्हा रंगवून सांगत होते. झालं असं की मुंबईत आमचा एक कागद परत आला होता, शिक्का उलटा पडलाय म्हणून. मूर्तींनी तो कागदच उलटा फिरवून पुन्हा खिडकीत दिला. कारकून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, शिक्का आता बरोबर आहे, पण मजकूर उलटा झालाय, उद्या या. प्रवासाचा शीण होता, काम फत्ते झाल्याचा आनंद होता, आणि मूर्ती त्या कारकुनासारखी मान वाकडी करून दाखवत होते. मी फलाटावर उभी राहून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मूर्तींनी माझी पिशवी धरली होती.

पदरानं डोळे पुसून वर पाहिलं तर पार्सलच्या पोत्यांच्या थप्पीपलीकडं तुम्ही. एका पायावर भार देऊन उभं राहायची तुमची पद्धत मी गर्दीतही ओळखते. मी हात वर करणार तेवढ्यात तुम्ही वळलात आणि गेलात.

घरी पोचले तर तुम्ही आरशासमोर दाढी करत होता. "गाडी वेळेवर आली?" तुम्ही विचारलंत. मी हो म्हटलं. तुम्ही पुढं काही विचारलं नाहीत. मीही काही बोलले नाही. तुमच्या गालावर वस्तऱ्याची बारीक चीर पडली होती. तुम्हाला दाढी करताना कधीच लागत नसे.

ज्या माणसानं मला जेवताना शिकवलं होतं की एकदा विचारायचं आणि मग जेवायला बसायचं, त्याला विचारता येत नव्हतं. दुपारी ऑफिसात मी टाइप करत होते आणि मला वाटत होतं की तुमच्यासाठी वाईट वाटायला हवं. तसं वाटतही होतं. पण त्याखाली दुसरंच काहीतरी होतं, आणि ते मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. आज सांगते. मला आनंद झाला होता. तपासणी सोडून तुम्ही स्टेशनवर आला होता. तुम्हाला काहीतरी वाटत होतं.

त्या संध्याकाळच्या तालमीत अरविंदभाऊ तुमच्या कानाशी लागले आणि तुमचा चेहरा बघून स्वतःचं पुढचं वाक्य विसरले. विनायकरावांनी त्यांना वाक्य दिलं नाही. शेवटच्या प्रवेशात मीनल खरोखरच घाबरली; मागाहून मला म्हणाली, "सुधाताई, ते माझ्याकडं बघत होते, पण मी त्यांना दिसत नव्हते." मी तिला पाणी दिलं. घरी येताना वैदेही मध्येच म्हणाली, "बाबा आज खरं खरं रागावले होते." तुम्ही तिचं दप्तर घेतलंत आणि म्हणालात, "नाटक आहे बेटा."

प्रयोग रविवारी दुपारी होता. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, शेजारी वन्सं. त्या दुपारचं मी नव्यानं काय सांगू? लोक अजून सांगतात. माझ्यापुढच्या रांगेतला एक म्हातारा शेवटच्या प्रवेशात 'नको नको' असं पुटपुटत होता. तुम्ही मीनलच्या जवळ गेलात, हात पुढं केलेत, आणि थांबलात. तिथं थांबायचं नव्हतं. आणि मग तुम्ही एक वाक्य बोललात जे कुठल्याही संहितेत नव्हतं.

"मी तुला आधीच का नाही विचारलं?"

मीनल गोंधळली, पण पोरगी हुशार. ती नुसती तुमच्याकडं बघत राहिली. पुढं सगळं लिहिल्याप्रमाणं झालं. सरदारानं तिला मारलं, मग सत्य कळलं, मग तो स्वतःही गेला. टाळ्या थांबेनात. वन्सं पदरात तोंड घालून रडत होत्या. त्यानंतर मूर्तींचं नाव त्यांनी कधी काढलं नाही.

विनायकराव मात्र रंगपटात तुमच्यावर भडकले. त्यांचं म्हणणं, सरदारानं विचारलं तर शोकांतिका उरतेच कुठं? त्याला विचारायचं सुचत नाही म्हणून तर ती मरते. तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. तुम्ही म्हणालात, "चुकलं, सर. पण त्याच्याच्यानं राहवलं नाही." कुणाच्याच्यानं, सरदाराच्या की तुमच्या, हे विनायकरावांना कळलं नाही.

वैदेहीला वन्संनी आपल्याबरोबर नेलं आणि आपण दोघं आबिड्सला इराण्याकडं चहाला गेलो. तुमच्या कानामागं रंग तसाच होता. वेटर तुमच्याकडं बघत होता. तुम्ही दोन पौने चहा सांगितलेत, दाट दुधाचे, मला आवडतात तसे, आणि म्हणालात, "त्या दिवशी मी स्टेशनवर आलो होतो."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मी पाहिलं तुम्हाला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

तुम्ही कप बशीत फिरवत राहिलात. मग अगदी हळू म्हणालात, "तुझा संशय नाही आला मला, सुधा. देवाशपथ. तू हसत होतीस. तशी तू माझ्याजवळ कधी हसत नाहीस. ते हसणं दुसऱ्याला मिळालं, एवढंच मला सहन झालं नाही."

इतकं नेमकं कुणी माझ्याशी कधी बोललं नव्हतं. मी म्हटलं, "अहो, तुम्ही कधी विनोदच सांगत नाही." आणि मग तुम्हाला त्या कारकुनाची गोष्ट सांगितली, मूर्तींसारखी मान वाकडी करून. तुम्ही ती शेवटपर्यंत गंभीरपणे ऐकलीत. मग म्हणालात, "पण शिक्का उलटा असेल तर कागद परत करावाच लागतो. यात हसण्यासारखं काय आहे?" मला इतकं हसू आलं की चहा साडीवर सांडला. तुम्ही आधी बावरलात, मग माझ्याकडं बघत राहिलात. फलाटावर हसले होते त्याहून जास्त हसले मी. तुमच्या तोंडावरचं समाधान मला अजून दिसतं.

त्या दिवसापासून तुम्ही विनोद सांगायला लागलात, आणि आपल्या घराची शांतता संपली. आठवड्याला एक तरी असायचाच. तुम्ही शेवट आधी सांगायचा, मग "थांब, असं नाही" म्हणून पुन्हा सुरुवात करायचा, सरदारजीच्या जागी मध्येच मारवाडी यायचा, आणि निम्म्यात तुमचं तुम्हालाच हसू फुटायचं. वैदेही उठून जायची. जावईबापू पहिल्यांदा घरी आले तेव्हा तुम्ही त्यांना जो विनोद सांगितलात त्याचा अर्थ ते अजून तिला विचारतात. मी मात्र दर वेळी हसायची. तुम्हाला वाटायचं, विनोद जमला.

आपलं भांडण तसंच राहिलं. तुमचं म्हणणं शेवटपर्यंत हेच, की नामपल्लीच्या फलाटावर तुम्हाला जे झालं ते प्रेम नव्हे, ती भीती होती. प्रेम ते, जे नंतर चहा पिताना झालं. माझं म्हणणं, पोत्यांमागं उभे राहिला नसता तर चहापर्यंत पोचलाच नसता. दवाखान्यात त्या शेवटच्या दुपारी तुम्ही मला जवळ बोलावून "सुधा, नाही पण..." असं सुरू केलंत, आणि तेवढ्यात नर्स आली. तुम्ही याच्याबद्दलच बोलणार होता अशी माझी खात्री आहे. तुम्ही हरल्याचं कबूल करणार होता असं मी धरून चालते.

काल पुण्याहून मीनलचा फोन आला. तिला तुम्ही गेल्याचं उशिरा कळलं. ते लोक इथून परत गेल्यावर तिच्या नवऱ्याच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं होतं, तुम्हाला आठवत असेल. ती रडत रडत सांगायला लागली, "दवाखान्यात मी एकटी असायचे, सुधाताई. श्रीधरभाऊ रोज संध्याकाळी टपरीवरून फोन करायचे. रोज एक विनोद सांगायचे. त्या दिवसांत तेवढंच एक हसणं होतं मला."

ते दिवस मला चांगले आठवतात. तुम्ही रोज संध्याकाळी कोथिंबीर आणायला जायचा आणि मी म्हणायची, घरात कोथिंबीर आहे. इतक्या वर्षांनी, या वयात, तुम्ही या जगात नसताना, माझ्या पोटात काहीतरी जळलं. अगदी साफ, ओळखू येईल असं. ते विनोद माझे होते. ते दुसरीला सांगितलेत, आणि मला सांगितलंही नाहीत.

पण मी तुमच्या घरात राहिलेली बाई. मी तिला सरळ विचारलं, "मीनल, हे मला कधी बोलले का नाहीत गं ते?"

ती रडता रडता हसली. म्हणाली, "मीही विचारलं होतं एकदा, सुधाताईला माहीत आहे का म्हणून. तर म्हणाले, तिला नक्को सांगूस. तिला सांगायच्या आधी मी तुझ्यावर तालीम करून बघतोय."

तेव्हापासून मी घरभर फिरतेय आणि हसतेय. वैदेहीला वाटतं, आईचं काहीतरी बिनसलं. अहो, एवढी तालीम करूनसुद्धा तुमचा एकही विनोद कधी जमला नाही.